शेणपाणी आणि सांडपाणी: आधी ताकद मोजा, मग खड्डा खणा

सांडपाणी शुद्ध करायचं ठरलं की बहुतेक जण आधी खड्डा खणतात आणि हिशेब नंतर करतात. वर्षभरात खड्डा तुंबतो, वास सुटतो आणि दोष जिवाणूंवर ढकलला जातो. जिवाणू मात्र आपलं काम करत असतात. त्यांच्यापुढे त्यांना पचेल त्याच्या दसपट वाढून ठेवलेलं असतं. मोरी-संडासाचं पाणी आणि गोठ्यातलं शेण-मुताचं पाणी दिसायला सारखंच गढूळ, पण दोघांच्या ताकदीत पन्नास पटींचा फरक असू शकतो. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं बांधकाम कोणत्याही चांगल्या गवंड्याला जमण्यासारखं आहे. म्हणून मी सुरुवात मोजमापापासून करतो.

ताकद म्हणजे काय

पाण्यातली सेंद्रिय घाण खाताना जिवाणू प्राणवायू वापरतात. एक लिटर पाण्यासाठी २० अंश तापमानाला पाच दिवसांत किती मिलिग्रॅम प्राणवायू लागला, तो आकडा म्हणजे बीओडी. घरगुती सांडपाण्याचा बीओडी साधारण २०० ते ४०० असतो. गाईगुरांच्या पातळ स्लरीचा, म्हणजे शेण-मूत आणि पाण्याच्या काल्याचा, १०,००० ते २०,०००, डुकरांच्या स्लरीचा २०,००० ते ३०,०००. मुरघासातून झिरपणारा रस ३०,००० च्याही पुढे जातो, आणि दूध तर एक लाखाच्या वर. २० अंशाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे सांडलेलं एक लिटर दूध दहा हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू संपवू शकतं. ओढ्यातले मासे मरायला विषच लागतं असं नाही, ते असं.

आराखड्यासाठी डोईप्रमाणे हिशेब सोपा जातो. एका माणसामागे रोज सुमारे ५० ग्रॅम बीओडी धरा. ५०० किलो वजनाच्या गाईमागे सुमारे ८०० ग्रॅम. शेण आणि मूत सगळंच पाण्याबरोबर वाहून जात असेल तर एक गाय सोळा माणसांच्या बरोबरीची झाली.

पहिली पायरी: जे आत यायला नको ते बाहेर ठेवा

सगळ्यात स्वस्त शुद्धीकरण म्हणजे जे पाण्यात पडलंच नाही ते. गोठा धुण्याआधी शेण कोरडंच ओढून घ्या, फावड्याने किंवा रबरी पट्टीच्या ओढणीने. या एका सवयीने धुवणाच्या पाण्याची ताकद इतकी उतरते की पुढच्या टाकीचा आकार बदलतो. रोज दहा मिनिटं जास्त जातील, पण ती दहा मिनिटं कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त काम करतात.

पावसाचं पाणी पूर्णपणे वेगळं काढा. १०० चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी जमतं. ते सांडपाण्याच्या नळीत शिरलं तर टाकीतला बसलेला गाळ ढवळून पुढे ढकलतं. पन्हळ, वेगळी नाली, आणि गोठ्याच्या कडेने छोटासा उंचवटा एवढं पुरे.

काही गोष्टी मात्र कधीही या पाण्यात जाऊ देऊ नका. खुरांच्या आजारासाठी वापरलेलं मोरचुदाचं पाणी, फिनाईल आणि ब्लीचिंगच्या बादल्या, उरलेली औषधं, प्रतिजैविकं दिलेल्या जनावराचं नासकं दूध. मोरचुदातलं तांबं तर गाळात साठत राहतं आणि पुढे तोच गाळ शेतात जातो. आजारी जनावराच्या शेणाचा वेगळा ढीग करा. स्वयंपाकघराच्या मोरीला तेलतुपासाठी छोटा सापळा लावा आणि तो दर आठवड्याला हाताने रिकामा करा.

दुसरी पायरी: आठवडाभर मोजा

बादली आणि घड्याळ पुरतं. नळीच्या तोंडाशी बादली किती सेकंदांत भरते ते दिवसातून चार-पाच वेळा पाहा, धुण्याच्या वेळी नक्की पाहा. सरासरीइतकाच दिवसातला सगळ्यात मोठा लोंढा महत्त्वाचा असतो, कारण टाकीतला गाळ तोच उचलतो. एका पारदर्शक लिटरच्या भांड्यात नमुना भरून तासभर हलवू नका. तळाशी किती बसलं, वर काय तरंगलं, मध्ये किती गढूळ राहिलं हे नोंदवा. शक्य असेल तर एकदा प्रयोगशाळेतून बीओडी, अमोनिया आणि एकूण घनपदार्थ तपासून घ्या. तो खर्च पुढे चुकीचं काँक्रीट ओतण्यापेक्षा नेहमीच कमी असतो.

आता एक उदाहरण. घरात सहा माणसं, दर माणशी रोज १०० लिटर पाणी, म्हणजे ६०० लिटर आणि ३०० ग्रॅम बीओडी. गोठ्यात चार गाई. सगळं शेण-मूत धुऊन काढलं तर त्यांचा भार ३,२०० ग्रॅम. शेण कोरडं ओढून वेगळं केलं तर जमिनीला चिकटलेलं शेण आणि थोडं मूत मिळून ५०० ते ६०० ग्रॅम उरतं असं धरू. हे आकडे समोर ठेवा, पुढे लागणार आहेत.

तिसरी पायरी: घन आणि द्रव वेगळे

गोठ्याच्या पाण्यासाठी आधी गज किंवा जाळी हवी. वैरणीच्या काड्या हा या सगळ्या व्यवस्थेचा सगळ्यात चिवट शत्रू आहे. त्या लवकर कुजत नाहीत, तरंगतात, आणि नळीच्या वाकणात घट्ट बसतात. जाळी तिरपी बसवा, म्हणजे चोथा ओढून काढता येतो. तिच्या पुढे एक उथळ, लांबट गाळकुंड करा आणि त्यातला गाळ फावड्याने काढून खताच्या ढिगावर टाका. हे कुंड झाकणाखाली असावं पण हात पोचेल असं. जिथे हात पोचत नाही तिथली सफाई होत नाही.

चौथी पायरी: सेप्टिक टँक

टाकीचं काम दोन प्रकारचं: जड ते बसू द्यायचं, आणि बसलेल्याला हवेविना कुजू द्यायचं. पाणी किमान दोन दिवस आत राहिलं पाहिजे. उदाहरणातल्या घरासाठी १.२ घनमीटर पाण्याला, वर तीन वर्षांच्या गाळासाठी सुमारे पाऊण घनमीटर, म्हणून २ ते २.५ घनमीटर. दोन कप्पे करा, पहिला दोन तृतीयांश. पाण्याची खोली एक मीटरहून कमी नको. आत येणारी आणि बाहेर जाणारी, दोन्ही नळ्यांना टी-आकाराचे तुकडे बसवा, म्हणजे वरची साय आणि तळचा गाळ दोन्ही मागे राहून मधलं पाणी पुढे जाईल. वायूसाठी उंच नळी हवी, तोंडाला डासांची जाळी लावलेली.

अशी टाकी बीओडीचा तिसरा हिस्सा काढते, क्वचित थोडा जास्त. अनेक घरं इथेच थांबतात आणि पाणी शोषखड्ड्यात सोडतात. त्या पाण्यात रोगजंतूही असतात आणि अमोनियाही, जो पुढे जमिनीत नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा धोका सगळ्यात जास्त. म्हणून टाकी, सहाव्या पायरीत येणारा वनस्पतींचा वाफा, शोषखड्डा यांपैकी काहीही विहिरीच्या वरच्या उतारावर नको, आणि अंतर निदान १५ मीटर, जमलं तर ३०.

गाळ एक तृतीयांश खोलीवर आला की उपसा, पण सगळा नको. थोडा तळाशी राहू द्या, तेच पुढचं विरजण. बाजारात मिळणाऱ्या जिवाणूंच्या पुड्यांची गरज मला कधीच पटलेली नाही. मैला आणि शेण या दोन्हींत हवे ते जिवाणू कोट्यवधींनी आधीच असतात.

आता एक गोष्ट, जी हा लेख वाचून बाकी सगळं विसरलात तरी लक्षात ठेवावी. टाकीत, स्लरीच्या हौदात किंवा गोबरगॅसच्या घुमटात कधीही उतरू नका. रिकामी दिसली तरीही नाही. कुजणाऱ्या शेणात हायड्रोजन सल्फाईड तयार होतो. सुरुवातीला त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या, आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. माणसाला वाटतं हवा साफ झाली. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे खड्ड्यात साचून राहतो, आणि स्लरी ढवळली की एकदम उसळून वर येतो. या अपघातांत पहिल्या माणसाला काढायला उतरलेला दुसरा आणि तिसराही जातो. उपसणं वरूनच, पंपाने आणि नळीने. झाकणं जड आणि कुलूपबंद. ढवळताना जनावरं आणि मुलं लांब, आणि आसपास काडी पेटवायची नाही.

पाचवी पायरी: घट्ट शेण गोबरगॅसकडे

वेगळं काढलेलं शेण हा कचरा नव्हे. रोज ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी म्हणजे १०० लिटर स्लरी. उष्ण हवेत ती ४० दिवस आत राहावी, म्हणजे ४ घनमीटरचा पाचक, गोबरगॅसची हवाबंद टाकी. २५ किलो ताज्या शेणामागे साधारण एक घनमीटर वायू मिळतो, तेव्हा इथे रोज दोन घनमीटर. थंड हवेत मुक्काम ५५ दिवसांपर्यंत वाढवा. १५ अंशांखाली वायू फारच मंदावतो, मग टाकी जमिनीत गाडणं आणि वरून पेंढ्याने झाकणं कामी येतं.

आतला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ६.८ ते ७.४ हवा. आंबट वास आणि पेटताना विझणारा वायू दिसला की भरणं चार-पाच दिवस थांबवा. वायू तयार करणारे जिवाणू सावकाश वाढतात, आम्ल तयार करणारे झपाट्याने. जास्त भरलं की आम्लवाले पुढे निघून जातात. कोंबड्यांची विष्ठा आणि डुकरांची स्लरी नत्राने जड असते, ती एकटी भरली तर अमोनियाच जिवाणूंना जाचतो. ती शेणात थोडी-थोडी मिसळावी.

इथे एक मोठा गैरसमज आहे. पाचकातून बाहेर आलेली स्लरी म्हणजे शुद्ध झालेलं पाणी नव्हे. कर्ब वायूरूपाने निघून गेला, पण नत्र, स्फुरद, पालाश जवळजवळ सगळं आतच आहे, उलट नत्राचा मोठा भाग आता अमोनियाच्या रूपात आलाय. ही स्लरी वनस्पतींच्या वाफ्यात सोडू नका, वाफा काही महिन्यांत चिकटून जाईल. तिची जागा शेत किंवा कंपोस्टचा ढीग.

सहावी पायरी: खडी आणि वनस्पतींचा वाफा

१९५० च्या दशकात जर्मनीत केटे झायडेल यांनी पाणवनस्पतींनी दूषित पाणी साफ होतं का याचे प्रयोग सुरू केले. त्यातूनच पुढे आज जगभर वापरले जाणारे हे वाफे आले. श्रेय दिसणाऱ्या हिरवाईला मिळतं, पण बरंचसं काम खडीवरच्या बुळबुळीत थरात होतं, जिथे जिवाणू राहतात. मुळं खडीतली वाट मोकळी ठेवतात, थोडा प्राणवायू खाली नेतात, जिवाणूंना बसायला जागा देतात. म्हणून रोप कोणतं यावर वाद घालण्याआधी खडी कोणती हे ठरवा.

आडव्या वाहाचा वाफा, म्हणजे टाकीतलं पाणी ज्यात एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं, तो असा. खोली ६० सेंटीमीटर, तळाला एक टक्का उतार, तळाशी आणि बाजूंना जाड प्लास्टिक किंवा चोपलेली चिकणमाती. मुख्य भागात १० ते २० मिलिमीटरची धुतलेली खडी. धुतलेलीच, कारण खडीची भुकटी पहिल्याच महिन्यात तळ बुजवते. दोन्ही टोकांना अर्ध्या मीटरपर्यंत ४० ते ८० मिलिमीटरचे मोठे दगड, म्हणजे पाणी पूर्ण रुंदीभर पसरतं आणि तसंच गोळा होतं. बाहेर पडणाऱ्या नळीला फिरवता येणारं कोपर लावा. त्याची उंची वरखाली केली की आतली पाणीपातळी बदलते. पातळी खडीच्या वरच्या थराखाली ५ ते १० सेंटीमीटर ठेवा. पाणी वर दिसलं नाही तर डास होत नाहीत आणि वासही येत नाही.

आकारासाठी चौरस मीटरमागे रोज ८ ग्रॅम बीओडी धरतो. घराचे ३०० ग्रॅम टाकीतून गेल्यावर २०० उरतात, भागिले ८, म्हणजे २५ चौरस मीटर. साडेतीन मीटर रुंद आणि सात मीटर लांब. थंड प्रदेशात ३० करा. आता गोठा: शेण ओढून काढलं असेल तर ५५० ग्रॅमचे गाळकुंड आणि टाकीनंतर सुमारे ३७० उरतात, वाफा ४६ चौरस मीटरचा. आणि सगळं धुऊन काढत असाल तर ३,२०० चे २,१०० च्या पुढे उरतात, वाफा २६० चौरस मीटरहून मोठा. फावड्याची ती दहा मिनिटं दोनशेहून जास्त चौरस मीटर जागा वाचवतात.

रुंदीला मान द्या. अरुंद आणि लांब वाफा तोंडाशीच तुंबतो, कारण सगळी घाण पहिल्या मीटरभरात अडते. शक्य असेल तर एका मोठ्या वाफ्याऐवजी दोन समांतर करा आणि मध्ये झडप ठेवा. याचं कारण पुढे येतं.

रोपं चौरस मीटरला चार. देवनळ, पाणकणीस, कर्दळ, वाळा यांपैकी जे आसपास ओल्या जागी आपोआप वाढतं ते घ्या. पाणकणसाची मुळं उथळ राहतात, देवनळाची खोल जातात. कर्दळ लवकर वाढते आणि वाफा देखणा होतो, हेही काही कमी नाही. ज्या वाफ्याकडे बघावंसं वाटतं त्याची निगा राहते.

या वाफ्यात हवा कमी असते, त्यामुळे अमोनिया फारसा कमी होत नाही. गोठ्याच्या पाण्यात तोच जास्त असतो. त्यासाठी आडव्या वाफ्याआधी उभ्या वाहाचा वाळूचा वाफा लावतात: पाणी वरून एकदम ओतायचं, झिरपू द्यायचं, मग काही तास विश्रांती. दिवसातून चार ते आठ वेळा. पाणी खाली उतरताना मागे हवा ओढली जाते आणि अमोनियाचं नायट्रेट होतं. पुढच्या आडव्या वाफ्यात प्राणवायू नसल्याने जिवाणू त्या नायट्रेटमधला प्राणवायू घेतात आणि नत्र वायू होऊन उडून जातो. त्यासाठी त्यांना थोडं कर्बयुक्त खाद्य लागतं. म्हणून कच्च्या पाण्यातला छोटासा हिस्सा थेट आडव्या वाफ्यात देतात.

जागाच नसेल तर हवा फुंकणारी टाकी. भरा, हवा द्या, बसू द्या, वरचं नितळ काढा, सगळं एकाच टाकीत. एक किलो बीओडीला साधारण एक ते दीड किलो प्राणवायू लागतो, आणि एक किलो अमोनिया-नत्राला साडेचार किलोहून जास्त. वीज कुठे जाते ते इथे कळतं. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी हवा दिल्यावर बसलेला गाळ फेकला नाही, त्यातच पुन्हा नवं सांडपाणी ओतलं. पहिल्यांदा ज्याला आठवडे लागले होते ते काम गाळ साठत गेल्यावर दिवसाच्या आत होऊ लागलं. तुमच्या टाकीतही तो तपकिरी गाळच खरा कामकरी. लिटरच्या भांड्यात अर्ध्या तासाने तो २०० ते ३०० मिलिलिटरवर बसला तर ठीक, त्याहून फार वर राहिला तर थोडा काढून टाका. वीज वारंवार जात असेल तर या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात करताना

वाफा आधी साध्या पाण्याने भरा, रोपं लावा, दोन-तीन आठवडे मुळं धरू द्या. मग सांडपाणी पाव हिश्शाने सुरू करून महिन्या-दीड महिन्यात पूर्ण करा. पहिल्या तीन महिन्यांत पाणीपातळी हळूहळू खाली नेली की मुळं पाण्यामागे खोल उतरतात. तण आले तर काही दिवस पातळी खडीच्या वर चढवा, जमिनीवरचे तण बुडून मरतात. वाफ्याला पूर्ण ताकद एखाद-दोन हंगामांनंतर येते, घाई करू नका.

बाहेर आलेलं पाणी

ते स्वच्छ दिसेल, वास जाईल, तरी पिण्याचं नव्हे. जंतांची अंडी आणि जिवाणू कमी होतात, संपत नाहीत. झाडांना, चाऱ्याला, बांधावरच्या लाकडाला द्या, मुळांशी सोडा, तुषार सिंचनाने उडवू नका. कच्च्या खायच्या पालेभाजीला नाहीच. चाऱ्याला दिलं तर कापणीआधी पाणी थांबवा आणि चारा उन्हात सुकू द्या.

स्लरीचं मोजमाप वेगळं. गाईच्या एक घनमीटर स्लरीत साधारण ३ ते ४ किलो नत्र असतं. युरोपीय संघाच्या १९९१ च्या नायट्रेट निर्देशानुसार धोक्याच्या क्षेत्रात शेणखतातून हेक्टरी वर्षाला १७० किलोपर्यंतच नत्र देता येतं, म्हणजे जवळपास ५० घनमीटर स्लरी. कुठेही राहत असलात तरी ही मर्यादा अंदाजासाठी चांगली. स्लरी संध्याकाळी, वारा नसताना, जमिनीलगत सोडा आणि लगेच मातीत मिसळा, नाहीतर अमोनिया हवेत जातो आणि खत हातचं जातं. पावसाच्या तोंडावर किंवा पाण्याने तुडुंब जमिनीत कधीही नाही.

बिघडलं तर

वाफ्यातून बाहेर येणाऱ्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास आणि काळपट रंग म्हणजे भार जास्त. आधी गोठ्यात जा: शेण ओढणं बंद झालंय का, दूध सांडतंय का, पावसाचं पाणी शिरतंय का. दहापैकी आठ वेळा उत्तर तिथेच असतं. पानं पिवळी पडली आणि पाणी नितळ असेल तर रोपांना उपासमार, भार वाढवला तरी चालेल. रोपं मुळाशी जळल्यासारखी दिसली तर अमोनिया किंवा जंतुनाशक.

तोंडाशी पाणी खडीवर साचू लागलं तर तिथे चिकटलं आहे. इथे दोन समांतर वाफे उपयोगी पडतात. साचलेला वाफा बंद करून दोन-तीन आठवडे सुकू द्या. जिवाणूंचा थर स्वतःलाच खातो, वाळतो, आणि वाट बऱ्याचदा पुन्हा मोकळी होते. तेवढ्यानेही भागलं नाही तर पहिल्या मीटरभरातली खडी काढा, धुवा आणि परत भरा. धुवण टाकीच्या पहिल्या कप्प्यात सोडा. एका माणसाचं दोन दिवसांचं काम आहे, आणि टाकीतला गाळ वेळेवर उपसला तर ते बरीच वर्षं करावं लागत नाही.